युरोपियन नवरा किंवा बायको असेल तर: युरोपातल्या दुसऱ्या देशात राहण्याचा हक्क आणि रेसिडेन्स कार्ड

बायको जर्मन, नवरा युरोपबाहेरचा. दोघांनी बर्लिनमध्ये संसार थाटायचा ठरवला तर नवऱ्याला जर्मनीचा देशी कायदा लागतो आणि बहुतेकांना आधी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. तेच दोघे माद्रिदला गेले तर भाषेची अट नाही, व्हिसाला फी नाही, आणि पोचल्यापासून नवऱ्याला नोकरी करण्याचा हक्क. लग्न तेच, माणसे तीच. बायकोने स्वतःचा देश सोडून युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशात मुक्काम केला, एवढाच फरक.

हा हक्क युरोपियन युनियनच्या 29 एप्रिल 2004 च्या 'निर्देश 2004/38' या कायद्यातून येतो. तो नवऱ्याचा स्वतंत्र हक्क नाही. तो बायकोच्या मुक्कामाला बांधलेला आहे. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात आणि बऱ्याच चुका टळतात.

आधी बघा, हा नियम तुम्हाला लागतो का

युनियनचे 27 देश, शिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन इथे हा निर्देश चालतो. आयर्लंड शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) नाही, पण या निर्देशात आहे. डेन्मार्कही आहे. स्वित्झर्लंडचा वेगळा करार आहे, त्यात हक्क बरेचसे असेच आहेत. ब्रिटनचा दरवाजा मात्र 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. तिथे नव्याने जाणाऱ्या जोडप्याने या निर्देशावर विसंबून काहीही ठरवू नये.

लग्न कधी झाले, कुठे झाले, आणि युरोपबाहेरचा जोडीदार त्या देशात मुळात कसा आला, यावर हक्क अडत नाही. 25 जुलै 2008 च्या मेटॉक निकालात युरोपियन न्यायालयाने हे स्पष्ट केले. आयर्लंड तेव्हा 'आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिल्याचा पुरावा आणा' म्हणत होते. ती अट रद्द झाली. लग्न समलिंगी असले तरी राहण्याच्या हक्कासाठी 'जोडीदार' या शब्दात ते बसते, हे 2018 च्या कोमान निकालापासून ठरलेले आहे. ज्या देशात जाताय तिथे अशी लग्ने होत नसली तरीही. नोंदणीकृत भागीदारीचे तसे नाही: तो देश अशा भागीदारीला लग्नाच्या बरोबरीचे मानत असेल तरच ती चालते. लग्न करणे शक्य असेल तर कागदांच्या दृष्टीने तेच सोपे.

दुहेरी नागरिकत्वात लोक हमखास गोंधळतात. ज्याच्याकडे दोन पासपोर्ट आहेत पण जो जन्मापासून त्यातल्याच एका देशात राहिला आहे, त्याने हा हक्क वापरलेलाच नाही. दुसरा पासपोर्ट दाखवून जोडीदाराला फायदा मिळत नाही. याउलट कोणी स्पेनहून दुसऱ्या सदस्य देशात गेला, तिथे वर्षानुवर्षे राहिला आणि मग तिथले नागरिकत्वही घेतले, तर त्याच्या जोडीदाराचा हक्क संपत नाही. तो निर्देशाऐवजी थेट युनियनच्या मूळ करारातून चालू राहतो.

आणि मायदेशी परतणारे? भारतीय नागरिक सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश होती. दोघांनी जर्मनीत काम केले आणि मग ते ब्रिटनला परतले. 1992 मध्ये न्यायालयाने ठरवले की परत येताना नवऱ्याचा हक्क परदेशात होता त्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. आजही याच वाटेने अनेक जोडपी जोडीदाराच्या देशात परततात. पण परदेशातला मुक्काम खरा हवा: तीन महिन्यांहून जास्त, सलग, आणि तिथे एकत्र संसार केलेला. दर शनिवार-रविवारी जाऊन येणे मोजत नाहीत, हे 2014 मध्ये न्यायालयाने सांगितले. परतण्याचा विचार असेल तर भाडेकरार, पगाराच्या चिठ्ठ्या, विजेची बिले आणि तिथले रेसिडेन्स कार्ड (राहण्याच्या हक्काचा पुरावा असलेले कार्ड) पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा. निघून आल्यावर हे कागद गोळा करणे फार अवघड जाते.

व्हिसा

ज्या देशाच्या पासपोर्टला व्हिसा लागतो, त्याच्या धारकाला इथेही तो घ्यावा लागतो. पण तो फुकट आणि लवकर द्यायचा असतो. 11 जून 2024 पासून प्रौढांच्या शेंगेन व्हिसाची फी 90 युरो आहे. तुमच्यासाठी ती शून्य. चार आठवड्यांहून अधिक उशीर वाजवी नाही, असे युरोपियन आयोगाने 2009 मध्येच म्हटले आहे. लांब मुक्कामासाठी जाताय म्हणून वेगळा 'निवास व्हिसा' किंवा 'कुटुंब एकत्रीकरण व्हिसा' मागायचा नसतो. प्रवेशाचा साधा व्हिसा पुरतो, कार्डाचे काम तिथे गेल्यावर.

अर्जासोबत तीनच गोष्टी लागतात: पासपोर्ट, लग्नाचा पुरावा, आणि युरोपियन जोडीदार सोबत येतोय किंवा आधीच तिथे राहतोय याचा पुरावा. हॉटेलचे बुकिंग, बँकेचे स्टेटमेंट, पगाराचा दाखला, प्रवासविमा, परतीचे तिकीट यातले काही मागता येत नाही. शेंगेनच्या फॉर्मवर नीट पाहिलेत तर काही रकान्यांपुढे तारांकन दिसेल. ते तारांकित रकाने युनियनच्या नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचे नसतात, आणि जोडीदाराची माहिती लिहायला वेगळी जागा दिलेली असते. नोकरी, खर्च कोण करणार, असले रकाने भरून ठेवले की तुमचा अर्ज साध्या पर्यटकाच्या गठ्ठ्यात जातो आणि मग एकेक कागद मागितला जातो.

म्हणून वर एक छोटे पत्र जोडा. दोन-तीन वाक्ये पुरतात: 'मी अमुक देशाच्या नागरिकाची पत्नी आहे. ते स्पेनमध्ये राहतात व मी त्यांच्याकडे राहायला जात आहे. निर्देश 2004/38 च्या कलम 5 नुसार हा अर्ज करत आहे.' कलमाचा आकडा लिहिल्याने काउंटरवरचा माणूस योग्य नियम उघडतो.

व्हिसा सेंटर चालवणाऱ्या बाहेरच्या एजन्सीकडूनच अर्ज करण्याची सक्ती तुमच्यावर नाही, थेट वकिलातीत अर्ज करता येतो. स्वतःहून एजन्सीकडे गेलात तर तिची सेवा फी मात्र द्यावी लागते. आणखी एक अडचण: जोडीदार ज्या देशाचा नागरिक आहे त्याच देशात जायचे असेल तर या सवलती लागू नाहीत, तिथे त्या देशाचे नियम. जर्मन माणसाच्या पत्नीने जर्मनीच्या व्हिसासाठी कलम 5 चे पत्र जोडले तर सहसा उपयोग होत नाही.

पहिली फाइल युरोपियन जोडीदाराची

पहिले तीन महिने युरोपियन जोडीदाराला फक्त ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो, आणि सोबतच्या तुम्हाला पासपोर्ट. त्यानंतर त्याला चारपैकी एक कारण हवे: नोकरी, स्वतःचा व्यवसाय, पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा, किंवा शिक्षण, त्यासोबत पैसे आणि विमा. तुमचा अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतो. कागद तुमचे चोख असतात, पण जोडीदाराचा मुक्कामच कायद्यात बसलेला नसतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी घर आणि पत्ता. मग जोडीदाराची नोंदणी. मग तुमचा अर्ज. जर्मनीत घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. बेल्जियममध्ये पालिकेत नोंद केल्यावर स्थानिक पोलीस घरी येऊन तुम्ही खरेच तिथे राहता का ते बघतो. दारावर आणि पत्रपेटीवर दोघांची नावे लावलेली नसतील तर तो परत जातो आणि सगळे काम लांबते. नाव लावायला पाच मिनिटे लागतात, तेवढे पहिल्याच दिवशी उरकून टाका.

जोडीदार नोकरी करत असेल तर उत्पन्नाची किमान रक्कम किंवा खासगी विमा मागण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. ती अट पैसे दाखवून राहणाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. नोकरी अर्धवेळ असली तरी चालते, फक्त ती खरी हवी, नावापुरती नको. 1986 च्या केम्फ खटल्यात एक जर्मन संगीतशिक्षक नेदरलँड्समध्ये आठवड्याला फक्त 12 तास शिकवत होता, वर सरकारी मदतही घेत होता, तरी न्यायालयाने त्याला कामगार मानले. जोडीदाराची नोकरी छोटी आहे म्हणून घाबरून अर्ज पुढे ढकलू नका. करारपत्र आणि तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जोडा.

पैसे दाखवून राहणाऱ्यांनी विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. प्रवासविमा चालत नाही. पॉलिसी दोघांच्या नावावर आणि त्या देशातल्या उपचारांना पूर्ण लागू असावी. तिथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत तुमची नोंद होऊन उपचार मिळत असतील तर तोही विमाच, असे न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे.

लग्नाचा दाखला

सगळ्यात जास्त फाइली या एका कागदावर परत येतात. दाखला नागरी नोंदणीचा हवा. फक्त धार्मिक विधीचा कागद सहसा चालत नाही. तो युनियनमधल्याच देशाने दिलेला असेल तर 16 फेब्रुवारी 2019 पासून दुसऱ्या सदस्य देशात अपोस्टील (कागद अस्सल असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) लागत नाही, आणि दाखल्यासोबत बहुभाषिक नमुना मागून घेतला तर बऱ्याचदा भाषांतरही लागत नाही. नोंदणी कार्यालयात तो नमुना आपणहून देत नाहीत. मागावा लागतो.

दाखला युनियनबाहेरचा असेल तर आधी अपोस्टील, मग भाषांतर. उलट केले तर अपोस्टीलचा शिक्का भाषांतराबाहेर राहतो आणि कार्यालय फाइल परत करते. भाषांतर जिथे अर्ज करणार त्या देशातल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून घ्या. मायदेशात करून आणलेले भाषांतर अनेक कार्यालये नाकारतात. नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळते का ते भाषांतराला देण्याआधी पाहा. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि दाखल्यावर जुने नाव असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा अधिकृत कागद सोबत लावा. काही देश तीन किंवा सहा महिन्यांच्या आत काढलेला उतारा मागतात, म्हणून दाखला फार आधी काढून ठेवू नका.

कार्डाचा अर्ज

अर्जाची मुदत पोचल्यापासून किमान तीन महिने असते. ती चुकली तर दंड होऊ शकतो, पण हक्क जात नाही, आणि केवळ कार्ड नाही म्हणून देशाबाहेर काढता येत नाही. हक्क कायद्यानेच मिळालेला आहे, कार्ड हा त्याचा पुरावा.

नाव आणि कार्यालय देशागणिक बदलते. स्पेनमध्ये फॉर्म ईएक्स-19, जर्मनीत परदेशी नागरिक कार्यालयाकडून 'आउफएन्टहाल्ट्सकार्टे', बेल्जियममध्ये पालिकेत 19 टेर हा कागद आणि शेवटी एफ कार्ड, इटलीत क्वेस्तुरा (पोलीस मुख्यालय), फ्रान्समध्ये प्रेफेक्चर (जिल्ह्याचे सरकारी कार्यालय), आयर्लंडमध्ये फॉर्म ईयू1. मागायचे कागद मात्र निर्देशातच बांधलेले आहेत. जोडीदारासाठी ते असे: तुमचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आणि युरोपियन जोडीदाराचे नोंदणी प्रमाणपत्र किंवा तो तिथे राहतो याचा पुरावा. यापलीकडे पोलीस दाखला, भाषेचे प्रमाणपत्र किंवा मायदेशातली मालमत्ता मागितली तर 'कोणत्या कलमाखाली?' असे लेखी विचारा. फी घेता येते, पण त्या देशाच्या नागरिकांना तशाच कागदासाठी पडते त्याहून जास्त नाही.

अर्ज दिला की पोचपावती तिथल्या तिथे मिळाली पाहिजे. ती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढचे सहा महिने तोच तुमचा कागद आहे: नोकरी देणाऱ्याला, बँकेला, घरमालकाला तोच दाखवायचा. कार्ड जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यायचे असते. सहा महिने उलटले म्हणून कार्ड आपोआप मंजूर होत नाही, हे 2018 च्या दियालो निकालात सांगितले आहे, पण तेवढ्या काळात निर्णय घेऊन तो कळवणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

कार्ड हातात आले की त्यावरचा मजकूर तिथेच वाचा. 2 ऑगस्ट 2021 पासून नव्या कार्डांवर 'फॅमिली मेंबर ईयू, आर्टिकल 10, डायरेक्टिव्ह 2004/38/ईसी' असा उल्लेख हवा. कार्यालयाने चुकून देशी कायद्याखालचे साधे परमिट छापलेले असू शकते. दिसायला दोन्ही सारखी असतात, पण प्रवासात आणि पाच वर्षांनंतर फरक पडतो. कलम 10 चे कार्ड असेल तर युरोपियन जोडीदारासोबत, किंवा त्याच्याकडे जाताना, दुसऱ्या सदस्य देशात व्हिसा लागत नाही, आयर्लंडमध्येही नाही. जर्मन बायकोसोबत जर्मनीतच राहणाऱ्या नवऱ्याच्या जर्मन परमिटला ही सवलत नाही. शेंगेनमध्ये तो फिरेल, पण डब्लिनला जायचे तर आयरिश व्हिसाचा नियम बघावा लागेल. एकट्याने तिसऱ्या देशात फिरायला जाताना कलम 10 चा आधार धरू नका. विमान कंपनीच्या काउंटरवर कधी कधी हे नियम माहीत नसतात, म्हणून लग्नाचा दाखला आणि कलम 5 ची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.

लग्न फक्त कागदासाठी केले असा संशय आला तर कार्यालय दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारू शकते. सरसकट सगळ्यांना असे बोलावता येत नाही, संशयाला ठोस कारण हवे, आणि लग्न खोटे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर असते. उत्तर आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच पुढे विसंगती म्हणून नोंदले जाते.

पाच वर्षे मोजताना

कार्ड पाच वर्षांचे असते. जोडीदाराचा नियोजित मुक्काम त्याहून कमी असेल तर तेवढ्याच काळाचे. सलग पाच वर्षे कायदेशीर राहिलात की कायम निवासाचा हक्क मिळतो. त्याचे कार्ड 10 वर्षांचे असते आणि त्यानंतर जोडीदाराच्या नोकरीचा किंवा लग्नाचा पुरावा लागत नाही. अर्ज जुने कार्ड संपण्याआधी द्या.

देशाबाहेर राहण्याची मर्यादा वर्षाला एकूण सहा महिने. बाळंतपण, गंभीर आजारपण, शिक्षण, कामानिमित्त बदली अशा कारणासाठी एकदा सलग 12 महिन्यांपर्यंत चालते. प्रवासाच्या तारखांची वही ठेवा, कारण पाच वर्षांनी पासपोर्टचे अस्पष्ट शिक्के वाचून हिशेब लागत नाही. कायम हक्क मिळाल्यावर मात्र सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तरच तो जातो. 'दीर्घकालीन रहिवासी' हे कार्ड वेगळ्या निर्देशाखाली येते. फॉर्म मागताना या दोन नावांची गल्लत करू नका.

संसार मोडला तर

इथे तारखा फार महत्त्वाच्या. नवरा-बायको वेगळ्या घरात राहू लागले म्हणून हक्क जात नाही. 1985 च्या दियाता खटल्यात फ्रेंच नवऱ्यापासून बर्लिनमध्ये वेगळ्या राहणाऱ्या सेनेगली पत्नीचा हक्क शाबूत राहिला, कारण कायद्याने लग्न मोडलेले नव्हते.

घटस्फोटानंतर हक्क टिकायचा असेल तर घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्याआधी लग्नाला तीन वर्षे झालेली हवीत आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेलेले हवे. मुलांचा ताबा तुमच्याकडे असेल, न्यायालयाने मुलांना तिथेच भेटण्याचा हक्क दिला असेल, किंवा लग्नात हिंसाचार सोसावा लागला असेल तर तीन वर्षांची अट नाही. त्यापुढे मात्र तुम्हाला स्वतःच्या नोकरीवर, व्यवसायावर किंवा पैसे आणि विम्यावर उभे राहावे लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक क्रमाची असते. युरोपियन जोडीदार देश सोडून गेला आणि घटस्फोटाचा अर्ज त्यानंतर दाखल झाला, तर हक्क त्याच्या जाण्याबरोबर संपतो. 2015 च्या सिंग निकालाने (हे वरचे सुरिंदर सिंग नव्हेत) हे कठोरपणे सांगितले. म्हणून जोडीदार जाणार अशी कुणकुण लागली की आधी वकिलाकडे जा आणि तो देशात असतानाच अर्ज दाखल करा. हिंसाचाराच्या बाबतीत न्यायालयाने 2021 मध्ये थोडी मोकळीक दिली: जोडीदार निघून गेल्यानंतरही वाजवी काळात अर्ज केला तर चालतो. पोलिसांतली तक्रार, डॉक्टरांचा अहवाल, निवाऱ्याचा दाखला हे त्या त्या वेळीच मिळवून घरापासून दूर सुरक्षित ठेवा.

जोडीदाराचा मृत्यू झाला तर, त्याआधी किमान एक वर्ष त्या देशात राहिलेल्याचा हक्क टिकतो.

नकार आला तर

तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. निर्णय लेखी हवा, कारणे समजतील अशी हवीत, आणि अपील कुठे व किती दिवसांत करायचे हे त्यात लिहिलेले हवे. देश सोडायला सांगितले तर, तातडीचे खास कारण नसेल तर, किमान एक महिना द्यावा लागतो. पत्र हातात आल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. अपिलाची मुदत तिथून सुरू होते आणि ती कधी कधी खूप छोटी असते.

कार्यालय नियमच चुकीचा लावत असेल, जास्तीचे कागद मागत असेल किंवा सहा महिन्यांनंतरही गप्प असेल, तर सॉल्व्हिट ही मोफत सेवा वापरा. प्रत्येक सदस्य देशात तिचे केंद्र असते, ते दुसऱ्या देशातल्या सॉल्व्हिट केंद्रामार्फत तिथल्या कार्यालयाशी बोलते आणि साधारण दहा आठवड्यांत मार्ग काढायचा प्रयत्न करते. मात्र प्रकरण न्यायालयात गेले की सॉल्व्हिट हात लावत नाही, आणि तिच्याकडे तक्रार केली म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. मुदत आठ-दहा दिवसांवर आली असेल तर अपील आधी.